सावलीची वाट

प्रस्तावना

उन्हाळ्यात आपण सगळेच सावली शोधतो. बसच्या थांब्यावर, बाजारात, शेताच्या बांधावर जेथे ती मिळेल तेथे घटकाभर थांबतो आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. ही सावली येथे कोठून आली, असा प्रश्न मात्र आपल्या मनात क्वचितच येतो. प्रस्तुत ललित निबंधात लेखकाने दिल्लीच्या रिजवर आपल्या लहान मुलीबरोबर केलेल्या पायी फेरीचा अनुभव सांगितला आहे. या फेरीत त्याच्याकडून एक चूक झाली आणि त्या चुकीने त्याला आपल्याच बालपणाकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला लावले. चला, त्याच्याबरोबर आपणही ही वाट चालू या.

मूळ पाठ

गेली वीस वर्षे मी दिल्लीत राहतो आहे. पण उन्हाळ्याचा विषय निघाला की मी अजूनही विदर्भातलाच असतो. माझे बालपण वर्धा जिल्ह्यातील एका लहान गावात गेले. तेथे वैशाख लागला की विहिरी तळ गाठत आणि दुपारी गल्लीतली कुत्रीही रांजणाखालच्या ओल्या मातीत अंग टाकून पडत. अशा दिवसांत वडिलांबरोबर मी तालुक्याच्या बाजाराला तीन कोस पायी जात असे. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि पायांत झिजलेल्या चपला, एवढाच आमचा सरंजाम. वाटेत मी रडकुंडीला आलो की वडील म्हणत, "चाल!" आणि मी चालत असे.

दिल्लीतले सहकारी उन्हाच्या तक्रारी करू लागले की ही आठवण मी मोठ्या अभिमानाने सांगत असे. आपण उन्हात तावून निघालेली माणसे आहोत, असे मला मनापासून वाटे. हा अभिमान जून महिन्यातील एका रविवारी गळून पडला. त्या दिवसाची ही हकिकत आहे.

माझ्या सात वर्षांच्या मुलीला आम्ही घरात छकुली म्हणतो. तिच्या शाळेला सुट्टी होती. दिवसभर पडदे ओढून, कूलरसमोर बसून ती कंटाळली होती. मी तिला म्हणालो, "उद्या आपण रिजवर जाऊ. जंगलातून चालत जाऊन अशोकाचा खांब पाहू." ती आनंदाने नाचू लागली. तिच्या आईने मात्र बजावले, "सहाला निघा आणि आठला घरी या. ऊन चढू देऊ नका." मी होकार दिला, परंतु चहा, वर्तमानपत्र आणि दूरध्वनीवरच्या गप्पा यांत वेळ गेला आणि आम्ही घराबाहेर पडलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. घाईघाईत पाण्याची एक बाटली घेतली. आईने भरून ठेवलेली कैरीच्या पन्ह्याची बाटली ओट्यावरच राहिली.

दिल्लीबाहेरच्या वाचकाला रिज म्हणजे काय, हे सांगायला हवे. अरवली ही भारतातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक. गुजरात आणि राजस्थानातून येणारी ही रांग दिल्लीत येईपर्यंत झिजून झिजून लहान टेकड्यांएवढी उरते. तिच्या या शेवटच्या खडकाळ कण्याला दिल्लीत 'रिज' म्हणतात. १९९४ साली रिजचे सुमारे ७,७७७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर झाले. त्यातील सर्वांत लहान तुकडा उत्तर रिजचा. तो जेमतेम ८७ हेक्टरांचा आहे. एका बाजूला विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला सिव्हिल लाइन्सची वस्ती, आणि मध्ये हे जंगल. विद्यापीठातली मुले त्याला 'बोंटा पार्क' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला आपला 'बावटा' आठवतो. कारण वाटेच्या आरंभीच १८२८ साली बांधलेला निशाणाचा बुरूज, म्हणजे फ्लॅगस्टाफ टॉवर उभा आहे.

आम्ही आत शिरलो आणि बाहेरचा उकाडा जणू दाराशीच थांबला. दोन्ही बाजूंच्या झाडांनी वाटेवर मांडव धरला होता. मध्येच एखादा बहावा पिवळ्या फुलांनी लगडलेला दिसे. बोगनवेलीच्या जाळ्या झाडांवर चढून गेल्या होत्या. कोठेतरी तांबट पक्षी एका लयीत ठोके दिल्यासारखा ओरडत होता. छकुली कधी मोराचे पीस शोधे, कधी खडकातली चमक पाहून त्याला हात लावी, तर कधी माकड दिसताच माझ्या पाठीशी दडे. वाटेवर पडलेले उन्हाचे कवडसे चुकवीत उड्या मारण्याचा एक खेळही तिने शोधून काढला. कवडशावर पाय पडला की ती बाद!

तिचा खेळ पाहताना माझ्या मनात या टेकडीचा इतिहास घोळत होता. आज जेथे मांडवासारखी सावली आहे, तेथे १८५७ साली उघडा खडक होता. त्या वर्षीच्या ११ मे रोजी मेरठहून आलेल्या शिपायांनी दिल्ली ताब्यात घेतली, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांची बायकामुले याच बुरुजात दाटीवाटीने बसून मदतीची वाट पाहत होती. मदत आली नाही. संध्याकाळी ती मंडळी कर्नालच्या दिशेने निघाली. पुढे जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रज फौजेने याच रिजवर तळ ठोकून दिल्लीला वेढा दिला. त्या फौजेतले कितीतरी लोक गोळीने नव्हे, तर उन्हाने आणि पटकीने दगावले. त्यांचा सेनापती बर्नार्ड हादेखील ५ जुलैला पटकीनेच मेला. त्या काळातली छायाचित्रे पाहिली, तर रिजवर झाड शोधावे लागते.

मग ही सावली आली कोठून? ती लावली गेली. १८५७ नंतरच्या दशकांत येथे हळूहळू झाडे लावण्यास सुरुवात झाली आणि १९११ साली दिल्लीला राजधानी करण्याचे जाहीर झाल्यावर त्या कामाने वेग घेतला. खडकात तग धरील, पाण्यावाचून जगेल आणि गुरे खाणार नाहीत असे झाड हवे होते. ते मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडच्या प्रदेशातून आलेल्या एका बाभळीत सापडले. दिल्लीत तिला 'विलायती कीकर' म्हणतात आणि महाराष्ट्रात 'वेडी बाभूळ'. ती खरोखरच वेड्यासारखी वाढली. तिने खडक झाकला. पण इतर झाडांना वाढू दिले नाही. आता तिच्या वरच्या फांद्या छाटून, खाली उजेड पाडून देशी झाडे वाढविण्याची एक पद्धत जाणकारांनी सुचविली आहे. आमच्या डोक्यावर त्या सकाळी जी सावली होती, ती बरीचशी या नावडत्या झाडाचीच होती.

असा विचार करीत मी चालत होतो आणि छकुलीकडे माझे लक्ष कमी होत होते. चौबुर्जाच्या जुन्या मशिदीपाशी ती म्हणाली, "बाबा, पाणी." बाटलीत दोनच घोट उरले होते. ते तिने प्यायले. थोडे पुढे गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, आपण परत जाऊ या का?" मी म्हणालो, "आता खांब आलाच. चल!" जंगल संपले. पुढे डांबरी रस्ता होता. दहा वाजून गेले होते. झाडे मागे राहिली आणि उन्हाचा झोत एखाद्या भट्टीचे दार उघडावे तसा अंगावर आला. छकुलीने उड्या मारणे केव्हाच थांबविले होते. "चल, चल," असे म्हणत मी तिचा हात धरून ओढत होतो. माझ्या तोंडून माझे वडील बोलत आहेत, असे मला वाटत होते आणि त्याचा मला आनंदही होत होता.

शे-दोनशे पावले चाललो असू. तिचा हात माझ्या हातात जड झाला. मी वळून पाहिले. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते आणि डोळे अर्धवट मिटत होते. "डोकं दुखतंय," एवढेच ती पुटपुटली आणि रस्त्यातच मटकन बसली. माझ्या पोटात धस्स झाले. मी तिला उचलले आणि आलो त्या वाटेने झाडांकडे धावत सुटलो.

जंगलाच्या कडेला एक वयस्क माळी रोपांना पाणी घालीत होता. आम्हांला पाहताच त्याने हातातला डबा खाली ठेवला. एकही प्रश्न न विचारता त्याने झाडाखालची आपली गोणपाटाची बैठक झटकली आणि तिला तेथे आडवे करायला सांगितले. आपला गमछा भिजवून त्याने तिच्या मानेवर आणि कपाळावर ठेवला. मी तिचे बूट-मोजे काढले, कपडे सैल केले. माळ्याने सुरईतले पाणी पेल्यात ओतले आणि मला थांबवीत म्हणाला, "एकदम नाही द्यायचे. घोट घोट द्या." मग एक पुठ्ठा घेऊन तो वारा घालू लागला.

ती दहा मिनिटे मला दहा तासांसारखी वाटली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरची लाली उतरली. तिने डोळे नीट उघडले आणि विचारले, "माकडं गेली का?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पुढे एका डॉक्टर मित्राने मला समजावून सांगितले, ते येथे सांगणे योग्य होईल. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते. खेळाच्या भरात त्याला तहान लागल्याचे भान राहत नाही. शिवाय आपण वर्तमानपत्रात वाचतो तो तापमानाचा आकडा सावलीतला असतो. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, उन्हापासून सुरक्षित ठेवलेला असतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेही अशाच सावलीत. उन्हात तापलेला डांबरी रस्ता त्याहून कितीतरी गरम असतो, आणि सात वर्षांचे मूल त्या रस्त्याच्या आपल्यापेक्षा अधिक जवळ असते. मी पाच फुटांवरून जे ऊन सोसत होतो, त्याहून तीव्र ऊन ती माझ्या कमरेच्या उंचीवर सोसत होती. डोकेदुखी, थकवा, मळमळ ही लक्षणे दिसताच थांबावे, सावलीत न्यावे आणि अंग ओले करावे. मूल बरळू लागले, त्याची शुद्ध हरपू लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. आमचे दैव बलवत्तर, म्हणून गोष्ट तेथवर गेली नाही.

छकुली सावरत होती. माळी आपल्या रोपांकडे पाहत बसला होता. तो बुंदेलखंडातला होता. मी ओशाळून त्याला म्हणालो, "लहानपणी मी भर उन्हात तीन कोस चालत असे. मला वाटले, तीही चालेल." तो हसला नाही. त्याने सहज विचारले, "त्या वाटेवर झाडे होती ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबलो. झाडे? होय, होती. गाव सोडले की नाल्याकाठची चिंच. तिच्यापुढे कडुनिंबांची रांग. मग पाटलाच्या शेताच्या बांधावरचा आंबा आणि अर्ध्या वाटेवर मोठा वड. त्या वडाखाली कोणीतरी दर उन्हाळ्यात पाणपोई घाली. लाल फडक्याने झाकलेले दोन रांजण, लांब दांड्याचा ओगराळा आणि ओंजळीत पडणारे ते गार पाणी! हे सारे इतकी वर्षे माझ्या आठवणीत कसे आले नाही? आणि मग वडिलांचा आवाजही मला नीट ऐकू आला. ते नुसते "चाल" म्हणत नसत. ते म्हणत, "त्या झाडापर्यंत चाल, मंग बसू."

वाक्यातला अर्धा भाग मी स्वतःजवळ ठेवला होता आणि अर्धा विसरलो होतो. वडील मला उन्हात चालवीत नव्हते. ते मला एका सावलीपासून दुसऱ्या सावलीपर्यंत नेत होते. प्रत्येक झाडाखाली आम्ही बसत होतो. माझा घाम ते आपल्या दुपट्ट्याने टिपत होते. ज्याला मी आयुष्यभर माझा कणखरपणा समजत आलो, तो वाटेवरच्या झाडांचा, पाणपोई घालणाऱ्याचा आणि वडिलांच्या संयमाचा होता. तो रस्ता पुढे रुंद झाला. चिंच आणि कडुनिंब तोडले गेले. आता त्या वाटेने उन्हात कोणी पायी जात नाही. गेलेच तर त्याला बसायला जागा नाही.

घरी परतल्यावर बायको काही बोलली नाही. तिने ओट्यावरची पन्ह्याची बाटली उचलली आणि दोन पेले भरले. तिच्या न बोलण्याने मला अधिक लागले. रात्री गच्चीवर छकुलीने विचारले, "बाबा, तुम्ही लहान असताना थकत नव्हता का?" माझ्या ओठांवर नेहमीचे उत्तर आले होते, पण मी म्हणालो, "थकत होतो गं. खूप थकत होतो. पण आजोबा मला प्रत्येक झाडाखाली बसवत होते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग तुम्ही मला का नाही बसवलं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी तिची क्षमा मागितली.

पहिला पाऊस पडून गेल्यावर, जुलै महिन्यात आम्ही पुन्हा रिजवर गेलो. या वेळी सकाळी सहाला निघालो. बरोबर पाण्याच्या दोन बाटल्या, पन्हे आणि डोक्याला ओले करून बांधायला पंचा होता. कोठे थांबायचे ते छकुलीने ठरवायचे, असा नियम होता. वाट तीच, सुमारे दोन किलोमीटरांची; पण तिला आम्हांला दोन तास लागले आणि त्यातला एकही क्षण वाया गेला असे वाटले नाही.

अखेर आम्ही अशोकाच्या खांबापाशी पोहोचलो. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने हा खांब मेरठहून येथे आणविला. पुढे अठराव्या शतकात एका स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ साली ते जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. छकुली सांधे मोजू लागली. मी तिला सांगितले, "दिल्लीत अशोकाचा आणखी एक खांब आहे, फिरोजशाह कोटल्यात. त्यावर राजाने लिहून ठेवले आहे की, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून मी रस्त्यांच्या कडेने वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदविल्या." छकुलीने विचारले, "राजाने स्वतः लावले?" मी म्हणालो, "नाही. लावणारे हात दुसऱ्या कोणाचे तरी असणार. त्यांची नावे खांबावर नाहीत."

परतताना आम्हांला तो माळी भेटला. छकुलीने त्याला पन्ह्याचा पेला दिला. त्याच्या पायाशी वीतभर उंचीची रोपे होती आणि तो स्वतः बसला होता तो वेड्या बाभळीच्या सावलीत. जी सावली एक दिवस काढायची, तिच्यात बसून तो जी अजून पडलेली नाही ती सावली वाढवीत होता. छकुलीने एका रोपाकडे बोट दाखवून विचारले, "याची सावली कधी पडेल?" माळी म्हणाला, "तू आपल्या आईएवढी होशील तेव्हा." तिने आपल्या बाटलीतले उरलेले पाणी त्या रोपाला घातले. पाणी मातीत मुरेपर्यंत ती तेथेच उकिडवी बसून राहिली.

ऊन वर चढू लागले होते. मी घड्याळ पाहत मागे रेंगाळलो होतो आणि छकुली पुढे गेली होती. वळणावर पाहिले, तर ती एका कडुनिंबाखाली उभी राहून मला हाक मारीत होती, "बाबा, या झाडापर्यंत या. मग बसू."

थोडा विचार करा

१. 'वाक्यातला अर्धा भाग मी स्वतःजवळ ठेवला होता आणि अर्धा विसरलो होतो,' असे लेखक का म्हणतो?

२. माळी वेड्या बाभळीच्या सावलीत बसून देशी रोपे वाढवितो. या प्रसंगातून तुम्हांला काय जाणवते?

३. मुलीने रात्री विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखकाजवळ का नव्हते?

४. तुमच्या रोजच्या वाटेवर सावली देणारे एखादे झाड आहे का? ते कोणी लावले, कोणी जपले, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा आणि आठ-दहा ओळींत लिहा.